तासाला तास : टाइम बँक आपल्या वस्तीत आली तर

स्वित्झर्लंडची एक गोष्ट गेली काही वर्षे आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते आहे. तिकडे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची घरमालकीण एका म्हाताऱ्या माणसाची सेवा करते, त्या सेवेचे तास 'टाइम बँके'त जमा होतात आणि पुढे ती स्वतः पडून जायबंदी होते तेव्हा बँक तिच्याकडे माणूस पाठवते. खाली ठरलेली ओळ असते : भारतातही असे व्हायला हवे.

गोष्ट पूर्ण खोटी नाही, पण फुगवलेली आहे. स्वित्झर्लंड सरकारची अशी देशव्यापी योजना नाही. सेंट गालन या शहरात नगरपालिकेच्या पाठबळावर चालणारा तो उपक्रम आहे. साठवता येणाऱ्या तासांना तिथे मर्यादा आहे, आणि उद्या सेवा देणारे कोणी उरलेच नाही तर काय, यासाठी शहराने हमी घेतली आहे. ही हमीची बाब व्हॉट्सॲपवरच्या गोष्टीत कधी येत नाही.

आपल्याकडेही कल्पना आता कागदावर आली आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडून वृद्धांच्या संदर्भात टाइम बँकेची शिफारस झाली. २०१९ मध्ये मध्य प्रदेश सरकारने जिल्हाधिकाऱ्यांना टाइम बँका उभ्या करायला सांगितले. मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांमध्ये आणि ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये चर्चा सुरू आहे. तेव्हा उद्या एखादी एनजीओ किंवा एखादे शासकीय परिपत्रक घेऊन ही योजना आपल्या वस्तीत येईल, त्याआधी आपण तिचा विचार करून ठेवलेला बरा, असे आम्हाला वाटते.

कल्पना सोपी आहे. तुम्ही शेजाऱ्याच्या मुलाला एक तास गणित शिकवले, तुमच्या खात्यात एक तास जमा. त्या तासाच्या बदल्यात तुम्ही कोणाकडूनही, त्याच शेजाऱ्याकडून असे नाही, एक तासाची मदत घ्यायची. कोणी शिलाई करून देईल, कोणी दवाखान्यात सोबत येईल, कोणी नळ दुरुस्त करेल. वकिलाचा तास आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचा तास सारखाच. व्याज नाही, घासाघीस नाही.

जपानमध्ये ओसाकाच्या तेरुको मिझुशिमा या गृहिणीने १९७३ मध्येच अशी बँक काढली होती. महायुद्धाच्या टंचाईत तिने शिवणकाम देऊन भाजीपाला मिळवला होता, त्या अनुभवातून तिचा विचार सुरू झाला. पण आज जगात जी टाइम बँक माहीत आहे तिचे श्रेय एडगर कान या अमेरिकन वकिलाला जाते. एडगर ज्यू, त्याची पत्नी जीन कॅम्पर कान कृष्णवर्णीय आणि स्वतः नामांकित वकील. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा लग्नाला कायद्याने बंदी होती त्या काळातले हे जोडपे. गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठी दोघांनी १९६०च्या दशकात मोठे काम केले, १९७२ मध्ये वॉशिंग्टनला कायद्याची शाळा काढली. १९८० मध्ये एडगरला हृदयविकाराचा मोठा झटका आला. इस्पितळात पडून असताना त्याला जाणवले की सगळे आपल्यासाठी करताहेत आणि आपला कोणाला काही उपयोग नाही. पुढे रेगन सरकारने गरिबांसाठीच्या योजनांना कात्री लावली. पैसा नाही, पण गरजू माणसे आहेत आणि त्याच माणसांकडे काही ना काही करण्याची ताकदही आहे. मग अडते कुठे, या प्रश्नातून 'टाइम डॉलर' निघाला.

कानचा मूळ आक्षेप एकतर्फी मदतीला होता. मदत घेणाऱ्याला सतत घेणाराच ठेवले की तो निरुपयोगी आहे असे आपण त्याला रोज सांगत असतो, हे त्याचे म्हणणे. वॉशिंग्टनमध्ये १९९६ मध्ये त्याने तरुणांचे न्यायमंडळ सुरू केले. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या, बहुतेक कृष्णवर्णीय मुलांचा निवाडा त्यांच्याच वयाची मुले करत. ज्युरीत बसलेल्या तासांचे मोल त्यांना मिळे आणि त्यावर जुने दुरुस्त केलेले संगणक घेता येत. शिक्षा म्हणून ज्यांना ज्युरीत बसावे लागले, त्यांनाही तिथे न्याय देणाऱ्याच्या खुर्चीत बसायला मिळाले.

इथपर्यंत सगळे छान आहे. आमची अडचण पुढे सुरू होते.

पैशाशिवाय सेवांची देवाणघेवाण आपल्या गावांना नवी नाही. बलुतेदारी म्हणजे दुसरे काय होते? न्हावी दाढी करायचा, चांभार मोट शिवायचा, महार सांगाव्याला धावायचा, मेलेले ढोर ओढायचा, आणि सुगीला प्रत्येकाने खळ्यावर उभे राहून आपला वाटा मागायचा. गावगाड्याचे गोडवे गाणारे लोक याला आजही 'परस्परावलंबन' म्हणतात. त्यात महाराच्या तासाचा हिशेब नव्हता, कारण त्याचे चोवीसही तास गावाचे आणि सरकारचे होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या बिनहिशेबी राबवणुकीविरुद्ध. वतने प्रत्यक्षात गेली १९५८च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. संविधानाच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीवर बंदी आहे ती काही शोभेला नाही.

म्हणून 'पैसा बाजूला ठेवला की माणूसपण येते' हे वाक्य युरोपात ऐकायला जितके गोड लागते तितके आपल्याला लागू नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला शहरात रोख पगार मिळाला, गिरणीत, रेल्वेत, गोदीत, तेव्हाच गावाच्या हातातून थोडी सुटका झाली. रोख पैसा जात विचारत नाही असे नाही, पण खळ्यावरच्या धान्यापेक्षा कमी विचारतो.

शेतकऱ्यांमध्ये सावड होती, आजही काही भागांत आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. ती टाइम बँकेच्या अधिक जवळची, कारण तिथे दिवसाला दिवस फिटतो. पण सावड करायला स्वतःचे शेत लागते, निदान एखादा बैल तरी. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो सावडीत नसायचाच, तो मजुरीला जायचा.

'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी जातीला नुसती श्रमविभागणी म्हणायला नकार दिला आणि ती श्रमिकांचीच विभागणी आहे हे दाखवले. टाइम बँक तासाची किंमत सारखी करते. कोणता तास कोणाच्या वाट्याला येतो, हे ती बदलत नाही. मिश्र वस्तीच्या यादीत इंग्रजी शिकवणारे एका आळीतले आणि संडास साफ करणारे दुसऱ्या आळीतले निघाले, तर दोघांना एक-एक तास देऊन काय साधले? उलट 'बघा, आम्ही समान मानतो' म्हणायची सोय झाली. त्यामुळे गटारे, मैला, सार्वजनिक संडास ही कामे अशा बँकेच्या यादीत येताच कामा नयेत. ती नगरपालिकेची कामे आहेत, यंत्राने आणि पगारावर व्हायची. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि 'स्वयंसेवा' म्हटल्याने ती उठत नाही.

दुसरा पेच नकाराचा आहे. प्रत्येक सभासदाला एखादे काम नाकारता आले पाहिजे, नाहीतर ती वेठच. पण माणूस नाकारता येता कामा नये. सोसायटीतल्या आजींना जेवण करून द्यायला कोणी येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न आडनावाचा येतो, हे वस्तीत आणि सोसायटीत काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. परदेशातल्या टाइम बँकांच्या नियमावल्यांत यासाठी भेदभावाविरुद्धचे साधारण कलम असते. आपल्याकडे ते पहिल्या पानावर, जातीचे नाव घेऊन लिहावे लागेल आणि मोडणाऱ्याचे खाते बंद करावे लागेल.

आता बायकांकडे येऊ. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवताना दिसतात, पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली! सकाळी सहाला धुणीभांडी करायला निघणारी आणि दुपारी परतून पुन्हा संध्याकाळी जाणारी बाई बँकेत जमा करायला तास आणणार कुठून? आणि तिने आणलाच, तर यादीत तिच्या नावापुढे पुन्हा स्वयंपाक, धुणे आणि म्हाताऱ्यांची सेवाच लिहिली जाणार.

त्यावर 'बायका तर हे आधीपासून एकमेकींसाठी करतातच' असे म्हणणारे भेटतात. खरे आहे. नळाला हंडा लावून ठेवणे, रेशनच्या रांगेत जागा धरणे, पोर सांभाळणे, बाळंतिणीजवळ रात्र काढणे, सगळे चालूच असते. लिहून ठेवले तर माया आटेल, अशी त्यांची भीती. आमचे मत वेगळे आहे. न लिहिलेले उपकार फुकट नसतात. वस्तीत जो शिकलेला तरुण जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून देतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म अपलोड करतो, तो काही वर्षांत 'भाऊ' होतो. त्याच्या फ्लेक्सवर चेहरा येतो आणि निवडणुकीत उपकाराची वसुली होते. त्याच्या आजारी आईला महिनाभर डबा देणाऱ्या शेजारणीचा फ्लेक्स लागत नाही. वही असेल तर त्याचा एक तास आणि तिचा एक तास शेजारी-शेजारी दिसतील, आणि महिन्याअखेर बहुधा तिचेच तास जास्त निघतील.

आपल्या चळवळीसाठी टाइम बँकेचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. 'पे बॅक टू सोसायटी' हा आपल्या शिकलेल्यांचा आवडता शब्द. तो महत्त्वाचा आहे. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याचे दुःख बाबासाहेबांनी आग्र्याच्या भाषणात बोलून दाखवले होते, तेही आपण विसरलेलो नाही. पण आपण तो एकाच दिशेने राबवतो. अधिकारी मार्गदर्शन करणार, प्राध्यापक व्याख्यान देणार, वस्ती ऐकणार आणि शेवटी आभार मानणार. वस्तीकडून त्या अधिकाऱ्याने काय घेतले, हे कोणी विचारत नाही. तो फ्लॅटमध्ये राहतो, मुले परदेशात, आईला विसरायचा आजार. तिच्याजवळ बसून जुनी भीमगीते म्हणणारी एखादी बाई त्याला हवी आहे, पण मागायला संकोच वाटतो. जिथे जिथे टाइम बँका चालल्या, तिथे हीच अडचण सांगितली गेली आहे : द्यायला लोक पुढे येतात, मागायला लाजतात, आणि कोणी मागितलेच नाही तर बँक ठप्प होते.

एक धोका मात्र सरकारकडून आहे. ब्रिटनमध्ये २०१० नंतर 'बिग सोसायटी'ची भाषा आणि सार्वजनिक सेवांवरची कपात हातात हात घालून आली. आपल्याकडे आशा ताईंना अजूनही 'स्वयंसेविका' म्हणतात आणि अंगणवाडी ताईंना 'मानधन' देतात. बायकांच्या श्रमाला सेवा म्हटले की किमान वेतन द्यावे लागत नाही, हा अनुभव ताजा आहे. वृद्धांची काळजी टाइम बँकेवर सोपवून निवृत्तिवेतनाची रक्कम आणि सरकारी दवाखान्यातली पदे तशीच अडकवून ठेवायची, असे होऊ शकते. सेंट गालनमध्ये शहराने हमी घेतली. इथे कोण घेणार, हा प्रश्न परिपत्रक आले की पहिल्या बैठकीत विचारायचा.

सुरुवात करायचीच तर लहान करावी. लंडनच्या लुइशममध्ये १९९९ मध्ये रशी ग्रीनच्या दवाखान्यातून टाइम बँक सुरू झाली, कारण तिथल्या डॉक्टरांना दिसत होते की अनेक रुग्णांना औषधापेक्षा एकटेपणाचा त्रास आहे. म्हणजे लोक जिथे आधीच येतात ती जागा धरली. आपल्याकडे बुद्धविहार आहे. रविवारची वंदना, अभ्यासिका, महिला मंडळ तिथेच. पण वही विहार समितीच्या ताब्यात देऊ नये, कारण बहुतेक समित्यांत पुरुष आणि त्यांचे गटतट. भिशी आणि बचत गट चालवलेल्या बायका हिशेबाला पक्क्या असतात, वही त्यांच्याकडे असावी आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवावी. दहा तासांपेक्षा जास्त कोणाला उधारी नको. आणि आळीतल्या मातंग, मुस्लिम, भटक्या समाजाच्या घरांना पहिल्या दिवसापासून सभासद करावे. आपल्यापुरतीच केली तर अर्ज भरणारे पंधरा आणि प्लंबर एकही नाही, अशी गत होईल. पुनर्विकासात वस्ती तीन इमारतींत विखुरली की शेजार तुटतो, म्हणून जिथे टॉवरची बोलणी चालू आहेत तिथे हे आधीच करून बघावे. वही लिहिणाऱ्या बाईचे तासही त्याच वहीत लिहावेत.