समुद्राची शिस्त शेततळ्याच्या काठी

पाण्याखाली अंगठा वर केला, तर ‘झकास’ असा त्याचा अर्थ होत नाही. ‘मला वर न्या’ असा होतो. सगळे ठीक आहे हे सांगायचे असेल, तर अंगठा आणि तर्जनीचे टोक जुळवून गोल करायचा. मालवणच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी उतरणाऱ्याला पाण्यात जाण्यापूर्वी या खुणा शिकवतात. सुट्टीत जालन्याहून तारकर्लीला गेलेल्या ज्या माणसाने आयुष्यात कधी विहिरीत सूर मारला नाही, तोही एवढ्या शिदोरीवर समुद्राच्या पोटात वीस-पंचवीस फूट खाली जातो, प्रवाळ आणि रंगीत मासे पाहतो आणि सुखरूप वर येतो. त्याच माणसाच्या गावात, त्याच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर, दहा फूट खोल शेततळ्यात पडलेले मूल मात्र अनेकदा वर येत नाही. न पोहणाऱ्या माणसाला अथांग पाण्यात सांभाळणारी विद्या याच राज्यात आहे आणि बांधलेल्या, मोजलेल्या, चार भिंतींच्या पाण्यात मुले बुडतात तेही याच राज्यात. हा फरक पाण्याच्या खोलीचा नाही. एका ठिकाणी शिस्त आहे, दुसऱ्या ठिकाणी ती कोणी आणलीच नाही.

ही शिस्त म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. 1943 साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा सोडणारे यंत्र बनवले आणि पाठीवर टाकी बांधून मोकळेपणाने पाण्याखाली फिरणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पण यंत्राने अर्धेच काम केले. दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. खाली भरून घेतलेला श्वास रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. एकट्याने उतरायचे नाही, जोडीदार हवाच. उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचे सामान तपासायचे. धडे आधी तलावात घ्यायचे, मग उथळ पाण्यात आणि शेवटी खुल्या समुद्रात. स्वतंत्र डायव्हरचे प्रमाणपत्र हवे असेल, तर दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते. पर्यटकाला ही परीक्षा नसते, कारण त्याच्या वाट्याची सगळी जबाबदारी त्याला धरून ठेवणाऱ्या प्रशिक्षकाने घेतलेली असते. यात धाडसाला फारसा वाव नाही. माणूस घाबरेल, चुकेल, विसरेल हे आधीच गृहीत धरून प्रत्येक चुकीसाठी एक आडकाठी उभी केली आहे, एवढेच.

आता जालना जिल्ह्यातल्या पाण्याकडे पाहू. इथे समुद्र नाही; पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. तरीही पाणी नाही असे मात्र नाही. ते साठवलेले आहे, आणि साठवणीची जागा मुद्दाम खोल व उभ्या काठाची केलेली आहे. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाच्या कामानंतर शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या, तेव्हा अख्ख्या मराठवाड्याने त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने हा मार्ग सर्वांसाठी खुला केला. त्यातल्या मोठ्या तळ्याचे माप 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. पाणी मुरू नये म्हणून अनेक शेतकरी तळ्यात प्लास्टिकचे अस्तर घालतात. ओल्या, शेवाळलेल्या अस्तरावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही आणि धरायला ना दगड, ना झाड, ना पायरी. तळ्यात पडलेला माणूस काठापासून हातभर अंतरावर असूनही वर येऊ शकत नाही. जुन्या विहिरींना निदान पायऱ्या असत आणि पाठीला सुका भोपळा किंवा सांगड बांधून पोहायला शिकवणारे वडीलधारे असत. विहिरी खोल गेल्या, मोटर बसली, पाणी तळाशी गेले आणि पोहायला शिकण्याची ती घरगुती शाळा बंद पडली. अंबड, घनसावंगी, परतूर भागातून जाणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याचेही तसेच. आवर्तन सुटले की वाहते पाणी, तिरके काठ आणि धरायला काही नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो: 2012-13 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, टँकरची वाट पाहत गावे बसली, तिथे पोहणे आणि बुडणे या गोष्टी काय घेऊन बसता? आक्षेप मनाला पटणारा आहे, पण उलटा आहे. पाणी दुर्मीळ असते तिथे माणसाला पाण्याची सवय राहत नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या मुलाला भरती-ओहोटी रोज दिसते, पाण्याची भीती आणि ओळख दोन्ही त्याच्या अंगात मुरलेल्या असतात. मराठवाड्यातल्या मुलाला पाणी दिसते ते पावसाळ्यानंतर, एकदम भरलेल्या तळ्याच्या रूपाने, आणि उन्हाच्या तडाख्यात ते मोह घालते. दुष्काळानेच आपल्याला खोल साठे करायला लावले. त्या साठ्यांभोवतीची सुरक्षाही त्याच दुष्काळ-निवारणाचा भाग मानली पाहिजे. देशात दरवर्षी सुमारे 38 हजार माणसे बुडून मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अलीकडची आकडेवारी सांगते. जगात 2021 मध्ये हा आकडा सुमारे 3 लाख होता आणि मृतांपैकी जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. किनाऱ्याचा आणि बेटांचा प्रश्न म्हणून हे आकडे बाजूला सारता येत नाहीत. लहान मुलाला बुडायला समुद्र लागत नाही, घरामागची टाकीही पुरते.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: पोहायला शिकवले की मुले पाण्याकडे जास्त ओढली जातील. त्यापेक्षा भीतीच बरी. ही शंका तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते चार वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर पोहण्याचे धडे घेतले होते, त्यांच्यात बुडण्याचा धोका बराच कमी आढळला. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. तिथे घरोघरी पुकुर, म्हणजे तळी. गावातल्याच तळ्यात बांबूचा मचाण आणि कठडा बांधून शाळकरी मुलांना पोहणे, तरंगणे आणि दुसऱ्याला काठावरून मदत करणे शिकवले गेले. त्याहून लहान मुलांसाठी सकाळी, आई कामात गुंतलेली असते त्या वेळेला, गावातच सांभाळघरे चालवली. दोन्ही उपायांनी मुलांचे बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे तिथल्या अभ्यासांत दिसले. यातला सांभाळघरांचा धडा जालन्याने विशेष लक्षात घ्यावा. शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबात आई-वडील दोघेही वेचणीला, खुरपणीला गेलेले असतात आणि लहान भावंडाकडे मोठे भावंड पाहते, तेही असते सात-आठ वर्षांचे. अंगणवाडीची वेळ या कामाच्या वेळांशी जुळवणे हे पाण्यापासूनचे सर्वांत स्वस्त संरक्षण ठरू शकते. पोहणे शिकवायचे तर दिवाळीची सुट्टी आहे. तळी तेव्हा भरलेली असतात, उन्हाळ्यात मात्र शिकवायला पाणीच उरत नाही.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. तळ्याला अनुदान मिळाले ते खोदाईपुरते. योजनेच्या सुरुवातीला त्याची कमाल मर्यादा 50 हजार रुपये होती. कुंपणाचा खर्च माथी मारला तर शेतकरी तळेच नको म्हणेल. म्हणून खर्च शेतकऱ्यावर टाकू नये, अनुदानातच बसवावा. खोदाईची मोजणी केल्याशिवाय सरकार पैसे देत नाही, अस्तराची जाडी तपासल्याशिवाय देत नाही. मग चार बाजूंना गाठी मारलेले दोर, काठाला बांधलेल्या टायरची शिडी, एक लांब बांबू आणि रिकाम्या कॅनला बांधलेली दोरी एवढे पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, असा नियम करायला अडचण कोणती? जाळीचे कुंपण महाग पडेल तिथे बाभळीच्या काट्यांची किंवा घायपाताची वई चालेल. त्यातून मोठा माणूस अडणार नाही, पण तीन वर्षांचे मूल अडेल. जालन्याने याहून मोठी कामे लोकवर्गणीतून केली आहेत. शहराला पाणी देणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी तलावातला गाळ उद्योजक आणि नागरिकांनी एकत्र येऊन काढला, तेव्हा सरकारची वाट पाहिली नव्हती. गाळ काढण्याला दाते मिळतात, कारण पाणी वाढलेले डोळ्यांना दिसते. जे मूल बुडाले नाही ते कोणालाच दिसत नाही. म्हणूनच या कामाला नियमाचा आधार लागतो.

चौथा आक्षेप स्कूबालाच धरून येईल: हे शहरी हौशीचे खेळणे विहिरीत काय कामाचे? आणि मालवणचे कौतुक सांगता, तिथेच मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांना स्कूबा करवून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्याचे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ. ती दुर्घटना पाण्याखाली झाली नाही, पृष्ठभागावर झाली. पाण्याखालच्या प्रत्येक मिनिटाचा नियम ठरलेला असतो. काठापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र ‘आता काय, पोहोचलोच’ म्हणून सैल सुटतो. शिस्त सुटते तिथे माणूस बुडतो, हेच त्यातून सिद्ध होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे मान्य करूनच द्यावे लागेल. बुडणाऱ्याच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत, राष्ट्रीय दलाची पुण्याजवळ. यातले कोणी जालन्यातल्या विहिरीवर पोहोचेपर्यंत वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. टाकी बांधून उतरणारा माणूस बहुधा मृतदेहच वर आणतो. पण तेही काम आज कोण करते? गावातलेच भोई, कोळी किंवा चांगले पोहणारे तरुण, कमरेला दोर बांधून, गाळात हाताने चाचपत. गळ टाकून, बाज सोडून दिवसदिवस शोध चालतो आणि काठावर कुटुंब बसून असते. विहिरीत मोटरची वायर असते, कपारी असतात, कधी विषारी वायूही साचलेला असतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. जालना महापालिकेच्या अग्निशमन दलातल्या आणि तालुक्यातल्या अशा अनुभवी तरुणांतल्या दहा-बाराजणांना तारकर्लीच्या पर्यटन विकास महामंडळाच्या स्कूबा संस्थेत पाठवून प्रशिक्षण दिले, अंधाऱ्या, बंदिस्त पाण्याचा वेगळा सराव करवला, तर जीव धोक्यात घालणाऱ्यांचा जीव तरी सुरक्षित राहील. किनाऱ्यावर हेच कौशल्य मच्छीमारांच्या मुलांना रोजगार देते आहे. इथे ते मानधनाचे, विमा असलेले काम व्हायला हवे.

जीव मात्र काठावरचाच माणूस वाचवू शकतो, पहिल्या चार मिनिटांत. त्याला टाकी, मुखवटा, पंख यांतले काही लागत नाही. लागतात चार गोष्टी, आणि त्या शाळेच्या एका तासात शिकवता येतात. उडी मारू नका, आधी ओरडून माणसे गोळा करा. हात देऊ नका, काठी द्या. काठी पोहोचत नसेल तर कासरा, साडी, रिकामा कॅन, जे हाताला येईल ते फेका. आणि बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नका, पोट दाबू नका, चाकावर फिरवू नका. त्यात जाणारी मिनिटे तोंडाने श्वास देण्यात घालवा, कारण बुडालेल्याला सर्वांत आधी हवा हवी असते. समुद्रातला डायव्हर जसा खुणा पाठ करतो, तशा या चार गोष्टी प्रत्येक शेतवस्तीवरच्या मुलाला पाठ असल्या पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे. आपल्याकडे तळी भरू लागतात ती साधारण याच सुमाराला. जिल्हा परिषदेच्या शाळांनी त्या दिवशी भाषणे न करता मुलांना जवळच्या तळ्यावर न्यावे आणि काठावर उभे राहून दोर फेकायला लावावे. दोर नेमका कुठे बांधलेला आहे हे मुलांनी स्वतः पाहावे. तो तिथे नसेल तर त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीने बांधावा.