चुकलेल्या नाण्याची पारख

गेल्या काही वर्षांत नई सडक व दाल बाजार येथील आपल्या पेढ्यांवर एक नवा छंद शिरला आहे. रात्री गल्ला मोजताना तरुण मंडळी एकेक नाणे भिंगाखाली धरतात आणि एखाद्यावरचे अक्षर पुसट वा कड वाकडी दिसली की 'याचे लाख रुपये येतील' असे म्हणून ते बाजूस ठेवतात. छंद म्हणून यात वावगे काहीच नाही. परंतु त्याभोवती जो व्यवहार उभा राहत आहे तो व्यापाऱ्यास शोभणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे व तेच येथे मांडण्याची अनुज्ञा घेतो.

जो दोष टांकसाळीतून बाहेर पडण्यापूर्वी घडला त्यालाच भाव असतो. नंतर घडते ती केवळ मोडतोड होय. हा भेद कळावयाचा तर नाणे कसे घडते हे ठाऊक हवे. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात आणि मग प्रत्येक चकती कड्यात बसवून वरच्या व खालच्या ठशांमध्ये दाबतात. चकती सरकली तर ठसा एका अंगास पडतो व उरलेला भाग कोरा राहतो. आधीचे नाणे ठशास चिकटून राहिले तर पुढील चकतीवर एका बाजूस नेहमीचे चित्र उमटते आणि दुसऱ्या बाजूस तेच चित्र उलटे व खोलगट येते. यालाच आपल्याकडील संग्राहक 'लाखी' म्हणतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर आधीच्या छिद्रावर कातर पडून चकतीचाच लचका तुटतो. कानसीने कड घासून असा देखावा करणारे महाभागही आहेत. पण अस्सल तुटक्या चकतीत त्या लचक्याच्या बरोबर समोरची कड बहुधा दबलेली व पुसट दिसते, कारण कड उचलताना तेथे पुरेसा दाब मिळत नाही. कानसवाल्याला ही खूण सहसा साधत नाही.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याविषयी विशेष सावध राहावे. त्याचा मधला भाग ठोकून काढून उलटा बसविता येतो आणि मग ते 'दुर्मीळ' म्हणून विकले जाते. सांध्याजवळ ओरखडे दिसले की समजावे.

काटा तर आपल्या घरचाच आहे. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅम व दोन रुपयांचे ४.८५ ग्रॅम भरते. एक रुपयाचा ठसा भलत्याच चकतीवर पडला आहे असे कोणी सांगितले, तर वाद घालण्यापूर्वी तोलून पाहावे. अमेरिकेत १९४३ साली युद्धामुळे सेंट पोलादाचे पाडले. चुकून काही तांब्याच्या चकत्यांवर पडले व त्यांना फार मोठी किंमत आली. लागलीच लोकांनी पोलादी सेंटांवर तांब्याचा मुलामा चढविला. ते खोटे ओळखण्यास एक लोहचुंबक पुरतो.

आपल्या ग्वाल्हेरच्या घरांतून आणखी एक घोटाळा होतो. आजोबांच्या तिजोरीतील शिंदेशाही नाणी निघतात. कोणावर अर्धीच अक्षरे, कोणाचा आकार वेडावाकडा, कोणावर लहान लहान छिद्रांसारख्या खुणा. ही चुकलेली नाणी नव्हेत. हातोड्याने पाडलेल्या त्या नाण्यांचा ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळे शाह आलम वा अकबर दुसरा यांच्या नावाचा पूर्ण लेख सहसा एका नाण्यावर मावतच नसे. आणि त्या खुणा सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या आहेत. मात्र यंत्रावर पाडलेला माधवराव महाराजांचा तांब्याचा पाव आणा, किंवा जिवाजीराव महाराजांचा संवत १९९९ (इ. स. १९४२) चा पितळी अर्धा आणा जर खरोखरच एका अंगास सरकून पडलेला असेल, तर तो जपून ठेवावा. चिंच किंवा राख लावून घासू नये. चकाकी येते आणि किंमत जाते.

आता भावाविषयी. दोष किती ठळक आहे, सालाचे आकडे वाचता येतात काय आणि नाणे किती झिजले आहे यांवर भाव ठरतो. मागितलेला भाव व पटलेला भाव यांतील अंतर धान्याच्या व्यापाऱ्यास शिकवावे लागू नये. जाहिरातीतील आकडा हा नुसता पुकारा आहे. लिलावात कोणी रोकड मोजली असेल तोच भाव. २०१२ ची माता वैष्णोदेवीची पाच व दहा रुपयांची नाणी चलनासाठीच पाडलेली आहेत, त्यांत चूक मुळीच नाही, तरी त्यांचे लाखो सांगणारे भेटतात. आणि 'नाणे विकून देतो, आधी नोंदणीचे शुल्क पाठवा' असे सांगणाऱ्यास एक पैसाही देऊ नये. आपण असे व्यवहार करीत नाही व त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

फसविले जाणे वाईट. परंतु मला अधिक खुपते ते आपल्यातीलच काहींनी घासलेले, ठोकलेले नाणे जाणूनबुजून नवशिक्यास विकणे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापाच्या जोडीला प्रतिरूपक व्यवहार गणला आहे तो हाच. खडे मिसळलेली डाळ विकणाऱ्यास आपण बाजारात उभे करीत नाही, मग येथे 'छंदात सर्व चालते' ही सबब का ऐकावी?

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: हमालाने किंवा गिऱ्हाइकाने दिलेले नाणे मौल्यवान निघाले तर ते कोणाचे? माझे मत असे की, गल्ल्यात पडून गेल्यावर रात्री सापडले तर ते पेढीचे. परंतु तो समोर उभा असतानाच तुम्ही ओळखले, तर त्याला सांगितले पाहिजे. मग त्याने ते ठेवावे की विकावे हे त्याचे तो पाहील. यावर मतभेद होतील हे मी जाणतो.

संस्थेच्या कार्यालयात एक भिंग, एक लोहचुंबक व ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा ठेवावा आणि महिन्यातून एका रविवारी सराफ्यातील एखाद्या जाणत्यास बोलवावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे. काट्याचा खर्च माझ्या पेढीकडे लावावा.