तंबुरा खाली ठेवू नका

बार्डाच्या हातात तलवार देऊ नका, असं मी गेली दोन वर्षं आमच्या टेबलावर सांगतो आहे, आणि दोन्ही वर्षं हरतो आहे. तिथे बहुमत चालतं आणि मी एकटा पडतो. म्हणून आता हे भांडण इथे आणलं आहे.

टेबल भिलाईतल्या एका सेक्टरच्या क्वार्टरमधलं, जेवणाचंच. रविवारी दुपारी ताटं उचलली की त्यावर वीस बाजूंचे फासे पडतात. आम्ही सात जण : मल्याळी एक, बंगाली एक, तेलुगू दोन, छत्तीसगढी एक, आणि मराठी आम्ही दोघं, मी आणि माझा भाचा. या गावात अशी मोट वेगळी बांधावी लागत नाही. कारखान्याने ती 1955 नंतर बांधूनच ठेवली. माझे वडील वर्धा जिल्ह्यातून इथे आले ते याच कारखान्यापायी. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे आपापलं एक पात्र चालवतात. ते काय करतं हे तोंडाने सांगतात आणि जमलं की फसलं हे फाशांवर ठरतं. पटावर सोंगट्या असतात, नसतातही. गोष्ट सगळी बोलण्यातून घडते. ‘बोलण्यातून’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे मला तो लागणार आहे.

या खेळात पात्रांचे वर्ग असतात : योद्धा, मांत्रिक, चोर, पुरोहित. त्यातला एक बार्ड. गातो, वाजवतो, गाण्यातून मंत्र टाकतो. त्याला मराठीत काय म्हणावं यावर आमच्यात एकदा तासभर वाद झाला. भाट म्हटलं तर लाचारीचा वास येतो, चारण म्हटलं तर राजस्थान, शाहीर म्हटलं तर फेटा. मी शाहिरावर ठाम आहे.

नव्या मोहिमेसाठी भाच्याने शस्त्रधारी बार्डाचा आराखडा केला. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “मामा, नुसता गाणारा बार्ड म्हणजे बाकीच्यांचा हमाल. आपण मागे उभं राहून टाळ कुटायचे आणि मारामारी दुसऱ्यांनी करायची. चार बाजूंचा फासा घेऊन कोण लढतं?”

त्याचं गणित चुकीचं नाही, ते आधी मान्य करतो. बार्डाचा एक साधा मंत्र आहे, शत्रूला असं झोंबणारं बोलायचं की त्याला खरोखर इजा व्हावी. 2014 च्या नियमपुस्तकात त्याला सुरुवातीला चार बाजूंचा एक फासा मिळतो. 2024 च्या आवृत्तीत सहा बाजूंचा झाला. लांब पात्याची निमुळती तलवार मात्र आठ बाजूंचा फासा टाकते. मग बोलावं कशाला, भोसकावं. शिवाय हातांचा घोळ आहेच. एका हातात वाद्य, एका हातात ढाल, मग तलवार धरायची कशात आणि मंत्राचे हातवारे करायचे कशाने? यावर खेळाडू जगभर डोकी फोडतात. त्यावरचा सर्वांत लाडका तोडगा 2017 साली एका पुरवणी पुस्तकातून आला : तलवारीच्या घराण्याचा बार्ड. त्याची तलवारच मंत्राचं साधन. वाद्याची गरजच संपली. भाच्याने हेच घराणं निवडलं होतं, आणि बासरी कागदाच्या तळाशी, ‘इतर सामान’ या सदरात, दोरखंड आणि कंदिलाच्या मधे लिहिली होती.

माझं भांडण त्या सदराशी आहे.

बार्डाची खरी मिळकत म्हणजे प्रेरणेचा फासा. गाऊन, बोलून, हाक मारून तो एका साथीदाराला जादा फासा देतो. साथीदार अडला की तो फासा टाकून आपल्या प्रयत्नात भर घालतो. सुरुवातीला असे फासे दिवसाला तीन-चार. नियमात एक अट अगदी स्पष्ट आहे : हा फासा स्वतःला देता येत नाही, दुसऱ्याच कोणाला तरी द्यायचा. सबंध पुस्तकातलं हे मला सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. ज्याने कोणी ते लिहिलं त्याला शाहिरी काय असते ते नेमकं कळलं होतं. गाणारा स्वतःसाठी गात नाही. त्याच्या गाण्याने समोरच्याचा हात चालतो.

तलवारीच्या घराण्याने इथेच घात केला. वार करताना पात्याची एक नजाकत दाखवायची आणि तिच्यासाठी प्रेरणेचा फासा खर्चायचा. फायदा कोणाला, तर स्वतःच्या वाराला, स्वतःच्या बचावाला, स्वतःच्या पावलांना. दुसऱ्यासाठी ठेवलेली पुंजी मागच्या दाराने आपल्याच खिशात. असा बार्ड सहाव्या पातळीला पोचतो, एका फेरीत दोन वार करतो आणि त्याचे साथीदार हात पसरून उभे राहतात. त्याला बार्ड का म्हणायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. बरं दिसणारा तलवारबाज म्हणा की!

शस्त्र हवंच असेल तर 2014 च्या मूळ पुस्तकात शौर्याचं घराणं आहे. तिसऱ्या पातळीवर त्याला ढाल मिळते, मध्यम चिलखत मिळतं, लढाईची हत्यारंही मिळतात. पण प्रेरणेचा फासा साथीदाराकडेच जातो, आणि तो साथीदार त्यातून आपला वार जड करतो किंवा आपल्यावरचा वार चुकवतो. हा बार्ड लढतो आणि देतोही. टेबलावर त्याला जुनाट समजतात. त्यात दिखाऊपणा कमी आहे, एवढंच त्याचं पाप.

आता कोणी म्हणेल की तलवार बार्डाला परकी नाही, जन्मापासूनची आहे. खरं आहे. हा वर्ग 1976 साली एका छोट्या नियतकालिकातून खेळात आला आणि 1978 च्या पुस्तकाच्या परिशिष्टात तर त्याची वाट अशी होती की आधी योद्धा व्हा, मग चोर व्हा, मग ड्रुइडांकडे शिकायला जा, तेव्हा कुठे बार्ड. पण त्या वाटेचा क्रम पाहा. तलवार आधी, गाणं शेवटी. माणूस लढाई बघून, करून, चोऱ्यामाऱ्या करून, मग गाण्यापर्यंत पोचतो. आजचा खेळाडू उलटा चालतो : गाणं पहिल्याच दिवशी आलं, आता त्यातून सुटका कशी करून घ्यायची!

आणि हे सगळं भिलाईत चालतं, याचा मला खरा राग आहे.

इथून थोड्याच अंतरावर गनियारी हे गाव आहे, तीजनबाईंचं. त्यांनी नोकरी केली ती याच पोलाद कारखान्यात. 2003 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, 2019 साली पद्मविभूषण. तेराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर पंडवानी सांगितली. पंडवानीच्या दोन तऱ्हा आहेत : वेदमती, म्हणजे बसून सांगायची, आणि कापालिक, म्हणजे उभं राहून, अंगात आणून. बाईने सांगायचीच तर बसून, असा रिवाज होता. या उभ्या राहिल्या. समाजाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी झोपडी बांधली आणि गात राहिल्या.

त्यांच्या एका हातात तंबुरा असतो, दुसऱ्यात करताल. तंबुऱ्याला वर मोरपिसं. दुःशासनवध सांगताना तोच तंबुरा खांद्यावर येतो आणि भीमाची गदा होतो. पुढच्या क्षणी आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य. मग रथ. मग, डोळ्यांदेखत, द्रौपदीचे केस. तारा मात्र त्याच, आणि गदा फिरवून झाली की त्याच तंबुऱ्यावर पुढचा सूर लागतो. हातांचा जो घोळ सोडवायला अमेरिकेत पुरवणी पुस्तक काढावं लागलं, तो या बाईने वाद्य खाली न ठेवता सोडवला. तिकडचा तोडगा असा की तलवारीलाच वाद्य माना. इकडचा असा की वाद्यच हत्यार आहे, ते नीट धरा.

भाचा यावर म्हणाला, “मामा, तो स्टेज आहे. तिथे खरंच कोणी मरत नाही.”

मग आपल्या जेवणाच्या टेबलावर कोण मरतं? तिथे तलवार नाही, राक्षस नाही. शाई आहे, फासे आहेत, चहाचे कप आहेत आणि सात माणसांचं बोलणं आहे. ज्या खेळात झाडून सगळं बोलण्यातून घडतं, त्या खेळात शब्द दुबळा आणि पातं बलवान, हे आलं कुठून? पात्याचे ते आठ बाजूंचे वारही तुम्ही सांगता, म्हणून पडतात. आपण सगळे तिथे पंडवानीच करत असतो, बेसूर.

शब्दाला चार बाजूंचा फासा देणारं जग नवं आहे. जुन्या जगाचा हिशेब वेगळा होता. आयर्लंडच्या दंतकथांत कवीने निंदा केली की राजाच्या तोंडावर फोड उठतात, आणि तोंडावर व्यंग आलेला राजा गादीवर राहू शकत नाही. आपल्याकडे 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लालबावटा कलापथक काढलं. डफ, तुणतुणं आणि गळा एवढाच सरंजाम. सरकारने त्यावर बंदी घातली. डफावर बंदी घालणाऱ्याला डफ काय आहे ते आमच्या टेबलापेक्षा जास्त कळलं होतं, असं म्हणायची पाळी येते.

अफझलखान वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला बक्षीस काय मिळालं, तर परंपरा सांगते घोडा आणि सोन्याचा तोडा. तलवार नाही. सगनभाऊचं उदाहरण याहून बोलकं आहे. पेशवाईच्या उतरत्या काळातला हा जेजुरीचा शाहीर जातीने शिकलगार, हत्यारांना धार लावणारा. भिलाईत बसून मी त्याचा विचार करतो तेव्हा तो मला इथल्याच पाळीवरचा माणूस वाटतो : दिवसभर लोखंड आणि संध्याकाळी तमाशाचा फड. पाती त्याच्या हाताखालून गेली असणार, ढिगाने. लोक मात्र त्याला ओळखतात ते लावण्या-पोवाड्यांनी. शस्त्रधारी बार्ड हवाय ना? हा घ्या! त्याला तलवार चालवायची नसते, पण प्रत्येक तलवारीला किती धार आहे हे त्याला माहीत असतं. खेळात ते ज्ञान केवढं कामाचं आहे, हे एकदा सूत्रधाराला विचारून पाहावं. (आजकाल मंचावर कमरेला तलवार लावलेले शाहीर दिसतात. ती म्यानातून निघत नाही आणि नाचताना पायात येते.)

आणि बार्डाने खरंच पातं उपसलं तर काय होतं, तेही आपल्या जुन्या कथेत आहे. पृथ्वीराज रासोत चंद बरदाई आंधळ्या केलेल्या राजाला कवितेतून सुलतान कुठे आणि किती अंतरावर बसला आहे ते सांगतो, आणि राजा त्या शब्दांवर बाण सोडतो. इतिहास म्हणून हे टिकत नाही. घोरी मेला 1206 साली, पृथ्वीराजानंतर बऱ्याच वर्षांनी. पण प्रेरणेच्या फाशाचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्याच नियमपुस्तकात सापडलं नाही. बाण राजाचा आणि नेम कवीचा. त्यानंतर कट्यार निघते आणि राजा-कवी एकमेकांना संपवतात. रासो मग अर्धाच राहतो. तो पुरा करतो चंदचा मुलगा, जल्हण. कवीला हे आधी ठाऊक होतं, म्हणून गझनीला जाण्याआधी तो पोथी मुलाच्या हाती देऊन गेला.

शस्त्रधारी बार्डाचा आराखडा करणाऱ्याने कागदावर पहिला प्रश्न हा लिहावा. चिलखत कुठलं, पातं कुठलं, सहाव्या पातळीला किती वार, हे सगळं नंतर. तुझा बार्ड लढायला पुढे गेला आणि पडला, तर ही लढाई सांगणार कोण? पोथी कोणाच्या हाती दिली आहेस? बाकी पात्रं मेली तर मरतात. बार्ड मेला तर ती सगळीच नाहीशी होतात. एवढी जोखीम घेऊन त्याने पातं उचललं तर मी हरकत घेणार नाही, मलाही ते बघायचंच आहे. पण आठ बाजूंचा फासा चार बाजूंच्या फाशापेक्षा मोठा, एवढ्याच हिशेबाने उचललं तर घेईन.

भाच्याशी शेवटी तडजोड झाली. घराणं शौर्याचं. हत्यार एकच, तंबुरा. सोट्याइतका जड, सहा बाजूंचा फासा, आणि मंत्राचं साधनही तोच. सूत्रधाराने त्याला एका अटीवर मंजुरी दिली की दर लढाईनंतर बार्डाने ती लढाई आपल्या तोंडाने सांगायची आणि त्याने सांगितली तीच खरी धरायची. यावर तेलुगू दोघांनी लगेच आक्षेप घेतला, कारण त्यांची पात्रं गेल्या लढाईतून पळाली होती. माझी भर एका नियमाची. पंडवानीत गाणाऱ्याबरोबर रागी असतो, जो मधे मधे हुंकार देतो, विचारतो, “मग काय झालं?” आमच्या टेबलावर प्रेरणेचा फासा घेणाऱ्या साथीदाराने मोठ्याने हुंकार द्यायचा, आपापल्या भाषेत. नुसता फासा उचलला तर तो बाद.

हा नियम अजून मतदानाला आलेला नाही. मल्याळी गडी अनुकूल आहे, बंगाली अजून विचार करतो आहे.