पायथ्याची मुले

काश्मीरमधील गुलमर्ग तुम्ही चित्रपटांत पाहिले असेल. तेथे पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याचा खेळ चालतो. त्याला स्कीइंग म्हणतात. हा खेळ तेथे इंग्रजांनी नेला. १९२७ साली त्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला. खेळ साहेबांचा होता, डोंगर मात्र काश्मिरी माणसांचा. पुढे पायथ्याच्या मुलांनी तो खेळ आपलासा केला. १९८८ साली गुल मुस्तफा देव कॅनडातील हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान. एका शर्यतीत आरिफचा क्रमांक पंचेचाळिसावा आला. कोणी हसेल; पण त्या शर्यतीत कितीतरी खेळाडू शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, "सर, मालेगावात बर्फ कुठे?" खरे आहे, आपला बर्फ सरबताच्या गाडीवर! पण डोंगर आहेत ना? शेजारच्या बागलाणात साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सह्याद्रीत डोंगर चढण्याचा छंद शहरातील लोकांनी वाढवला. 'गिरिविहार' ही गिर्यारोहण संस्था १९५४ साली मुंबईत निघाली. आजही मुंबई-पुण्याची मुले रात्रभर प्रवास करून साल्हेरला येतात. आपण मात्र शाळेची सहल म्हटली की बाग आणि पाळणे शोधतो. यात दोष आम्हां शिक्षकांचाच अधिक.

किल्ल्यांशी आपला काय संबंध, असेही काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. मालेगावच्या उत्तरेला गाळणा किल्ला आहे. तेथे फारसी शिलालेख आहेत. येणारे बहुतेक लोक ती अक्षरे नुसती पाहतात आणि पुढे जातात. तुम्ही तर पहिलीपासून हीच लिपी गिरवली आहे! सगळा अर्थ लागणार नाही, पण एखादे नाव, एखादा शब्द नक्की ओळखू येईल. मुलींनीही जावे. गुल मुस्तफा गेला त्याच ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार ही भारतीय मुलगीही स्कीइंगमध्ये उतरली होती.

शुक्रवारी माग बंद असतात. हिवाळ्यात फजरच्या नमाजनंतर निघालात तर ऊन तापण्याआधी गड चढून होतो. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या, भरपूर पाणी घ्या. वही आणि पेन्सिलही घ्या. शिलालेखातील जेवढी अक्षरे लागतील तेवढी उतरवून आणा. उरलेली आपण वर्गात फळ्यावर लावू.