टाके मोजावेच लागतील

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांत कपडे शिवणारे आहेत, तसे बाहेरून आलेला माल विकणारेही आहेत. या दुसऱ्यांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलं आहे: बायकांचा होजिअरीचा टॉप तो टॉपच; कस्टमने त्याला 6106 म्हणावं, 6109 म्हणावं की 6110, यात निव्वळ कीस काढणं आहे. सगळ्या कपड्यांना एकच कोड, एकच दर लावा आणि भानगड मिटवा.

हे मला अजिबात मान्य नाही. कीस कशाचा काढतात ते आधी पाहा. सीमाशुल्क दरपत्रकाच्या 61व्या प्रकरणातली चौथी टीप म्हणते की कमरेखाली खिसा असेल, खालच्या काठाला रिबची पट्टी किंवा आवळायची दोरी असेल, किंवा विणीत सेंटिमीटरमागे सरासरी 10 पेक्षा कमी टाके असतील, तर तो कपडा बायकांच्या ब्लाउज-शर्टांच्या 6106 मध्ये बसत नाही. टाके उभे-आडवे, दोन्हीकडून मोजायचे, आणि तेही किमान 10 बाय 10 सेंटिमीटरच्या भागावर. टॉप ताण न देता टेबलावर पसरायचा, खडूने चौकोन आखायचा, भिंग लावून मोजायचं. निटिंगचा कुठलाही जाणता मास्तर हे करील आणि त्याचं नि अधिकाऱ्याचं उत्तर एकच येईल. मर्जीला इथे वावच नाही. हे मोजमाप काढून टाकलं, तर टॅगवर नाव छापणारा परदेशातला कारखानदार आपला कर ठरवील.

दुसरा आक्षेप असा की पुरुषांचा की बायकांचा हे न कळणारा कपडा बायकांच्या खात्यात का? पण नियम तिथून सुरू होत नाही. आधी कपड्याची बेतणी पाहतात, मग पुढची पट्टी: उजवी बाजू डावीवर आली तर बायकांचा, डावी उजवीवर आली तर पुरुषांचा. एवढं करूनही ठरलं नाही तरच तो बायकांच्यात जातो. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ही रेघ जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गवारी पाळणाऱ्या सगळ्या देशांत एकच आहे.

आता 'एकच दर'. आपल्याकडे बऱ्याच तयार कपड्यांवर टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांतलं जे जास्त ते लागतं. शंभराचा टॉप बिलात चाळीसचा दाखवला, तर 20 टक्क्यांनी 20 रुपयांऐवजी आठच भरावे लागतात. नगामागची रक्कम मात्र बिलाने हलत नाही. ती नोंदीनोंदीला वेगळी आहे, म्हणून चोरवाट शोधणारा मग कोडच बदलतो. नुसता टक्का ठेवला तर खोट्या बिलांना मोकळं रान मिळेल. 2025 च्या अर्थसंकल्पात होजिअरी कापडाच्या नऊ नोंदींवर '20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, जे जास्त ते' असा दर आला, तो स्वस्तात येणाऱ्या कापडाला आळा बसावा म्हणूनच.

ग्राहकाला स्वस्त मिळतं ना, असंही म्हणतात. मग दर कमी करा, संसदेत मागा. मीही त्यावर चर्चा करीन. दर किती असावा आणि कपडा कोणता आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर आवडलं नाही म्हणून दुसऱ्याचं खोटं द्यायचं, हे चालणार नाही. त्याची किंमत नालासोपाऱ्यात पीसरेटवर ओव्हरलॉक चालवणारी बाई मोजते, कारण खोट्या कोडाच्या मालाशी तिच्या गाळ्याला भाव जुळवावा लागतो.

छोट्या आयातदाराची एक तक्रार मात्र खरी आहे: माल बंदरात अडकल्यावर कोड कळून काय उपयोग? त्यावर कायद्यातच उपाय आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28एच प्रमाणे माल मागवण्याआधीच निर्णय मागता येतो. त्यासाठीचं प्राधिकरण मुंबईत 2021 पासून आहे, निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे, आणि तो अर्जदार व कस्टम दोघांनाही बांधतो. वसईतल्या व्यापारी संघटनांनी 'एकच कोड' मागण्यापेक्षा या अर्जाचा मराठी नमुना मागावा, छोट्यांसाठी शुल्कात सवलत मागावी, आणि टाके मोजून देणारी एक तपासणीची सोय वालीवमध्येच उभी करावी.