ओळख कोणाची आणि कागद कोणाचे?

ब्रिटनमधील कृष्णवर्णीय नागरिकांच्या ‘ओळखी’विषयी तिथली बूर्झ्वा वृत्तपत्रे मोठ्या जिव्हाळ्याने लिहीत असतात. त्यांचे संगीत, त्यांचे खाद्यपदार्थ, लंडनच्या नॉटिंग हिल भागातला त्यांचा कार्निव्हल यांची रसाळ वर्णने होतात आणि दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेल्या मनाविषयी हळहळ व्यक्त करून लेख संपतो. या मनाला कात्रीत धरले कोणी, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

त्या कार्निव्हलचेच पाहा. १९५८ मध्ये नॉटिंग हिलच्या कॅरिबियन वस्तीवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून जानेवारी १९५९ मध्ये पहिला कार्निव्हल एका सभागृहात भरवला तो कॉम्रेड क्लॉडिया जोन्स यांनी. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तुरुंगात टाकलेल्या आणि १९५५ मध्ये हद्दपार केलेल्या या बाईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या विक्रीतली काही रक्कम दंगलीच्या खटल्यांत तरुणांना झालेले दंड भरण्यासाठी राखून ठेवली होती. रसाळ वर्णनांतून नेमका हा तपशील गळतो.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत नेलेल्या लोकांचे हे वंशज. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंड्रश’ हे जहाज त्यांच्यापैकी शेकडो जणांना घेऊन टिलबरी बंदरात आले, तेव्हा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क त्यांना कायद्यानेच होता. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला मजूर हवे होते. १९५६ पासून लंडनच्या वाहतूक संस्थेने तर बार्बाडोसला जाऊन भरती केली.

प्रस्तुत लेखकाचे काम भाषांतराचे. ‘दुसऱ्या पिढीचा स्थलांतरित’ हा रूढ झालेला इंग्रजी शब्दप्रयोग मराठीत उतरवताना लेखणी अडते. जो बर्मिंगहॅममध्ये जन्मला, तिथल्याच शाळेत शिकला, तिथल्याच कारखान्यात राबला, त्याने स्थलांतर केले तरी केव्हा, आणि कुठून कुठे? नातवंडांपर्यंत माणसाला उपराच ठेवायचे, एवढाच या शब्दाचा अर्थ.

कामगार चळवळीनेही येथे हात झटकू नयेत. ब्रिस्टल शहरात बसवर कृष्णवर्णीय वाहक-चालक नेमू नयेत असा ठराव १९५५ मध्ये केला तो वाहतूक कामगार युनियनच्या स्थानिक शाखेने! तो मोडून काढण्यासाठी १९६३ मध्ये तिथल्या कॅरिबियन तरुणांना बसगाड्यांवर बहिष्कार पुकारावा लागला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, बंदी उठली. त्यानंतर नेमलेला पहिला गौरेतर वाहक होता रघबीर सिंग हा शीख. त्या युनियनच्या वारसदार संघटनेने माफी मागितली २०१३ मध्ये. ‘आधी वर्ग, रंगाचे नंतर पाहू’ म्हणणाऱ्या आपल्यातल्या मित्रांनी ही पन्नास वर्षे मोजावीत.

आता कागदांकडे वळू. १९७१ च्या कायद्याने १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या वसाहतींतील लोकांचा राहण्याचा हक्क मान्य केला, पण तसा कागद त्यांच्या हाती दिला नाही. आईबापांच्या पासपोर्टवर आलेल्या मुलांपाशी तर काहीच नव्हते. ज्या नोंदपत्रांवरून त्यांच्या आगमनाची तारीख सिद्ध झाली असती, ती गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. आणि २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँक, कारखानदार अशा सर्वांनाच या लोकांकडे कागद मागायला लावले. आयुष्यभर कर भरलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, घरे गेली, रुग्णालयांत उपचार नाकारले गेले. किमान ८३ जणांना देशाबाहेर घालवल्याचे सरकारनेच कबूल केले.

२०१८ मध्ये बोभाटा झाल्यावर गृहमंत्री अंबर रड यांनी राजीनामा दिला आणि उदारमतवाद्यांनी ‘प्रशासकीय चूक’ म्हणून सुस्कारा टाकला. चूक कसली? हे सारे आधी दिसत होते आणि टाळता येण्यासारखे होते, असा निर्वाळा सरकारने नेमलेल्या चौकशीनेच २०२० मध्ये दिला. हक्काने आलेल्या मजुराला जन्मभर आश्रित ठेवले की तो मजुरीबद्दल तोंड उघडत नाही, हे मालकवर्गाला पुरते ठाऊक आहे.

नुकसानभरपाईची योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली, तीही त्याच गृहखात्याच्या हाती. ती काढून स्वतंत्र संस्थेकडे द्यावी, अशी शिफारस संसदेच्या समितीने २०२१ मध्ये केली. सरकारने ती फेटाळली. अर्ज करून बसलेले कित्येक वृद्ध पैसे हाती पडण्याआधीच मरण पावले. अर्जासोबत त्यांच्याकडे पुरावे म्हणून पुन्हा कागदच मागितले जात होते.