पार्ट सुटा मिळत नाही

"पार्ट सुटा मिळत नाही मॅडम, पूर्ण अ‍ॅसेंब्लीच घ्यावी लागेल." गेल्या काही वर्षांत आपण सर्वांत जास्त वेळा ऐकलेल्या वाक्यांची कुणी यादी केली तर हे वाक्य पहिल्या पाचांत येईल अशी माझी खात्री आहे. मिक्सरसाठी ऐकलं, वॉशिंग मशीनसाठी ऐकलं, आणि या खेपेला गाडीच्या दाराच्या कुलपासाठी ऐकलं. माझं भांडण या वाक्याशी आहे. ते म्हणणाऱ्या पोराशी नाही. तो बिचारा गळ्यात पट्टा अडकवून संगणकावर जे दिसतं ते वाचून दाखवतो. त्याला कुलपाच्या आत काय असतं हे कुणी शिकवलेलंच नाही, आणि ते न शिकवण्यातच कुणाचा तरी फायदा आहे.

आमची गाडी 2012 सालची. तिच्या मागच्या डाव्या दाराने असहकार पुकारला. किल्लीचं बटण दाबलं की तीन दारं टक्क करून उघडायची, चौथं मख्ख. आतली खुंटी हाताने ओढली तर कधी हलायची, कधी नाही. आणि मागच्या दाराला बाहेरून किल्लीचं भोकच नसतं, त्यामुळे बाहेरून उघडण्याचाही प्रश्न मिटला. आता ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. एक दार उघडत नाही तर दुसऱ्याने उतरा! पण आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डावं दार फुटपाथकडे उघडतं, उजवं रहदारीत. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी मागच्या सीटवर सरकत सरकत उजवीकडे जायचं आणि मुंबई नाक्यासारख्या ठिकाणी, मागून येणाऱ्या रिक्षा आणि बसच्या तोंडावर उतरायचं. हे दोन आठवडे चाललं. म्हणून म्हणते, कुलूप ही चैनीची वस्तू नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने (नाव लिहीत नाही, कारण सगळीकडे हाच अनुभव आहे) खर्चाचा अंदाज दिला सात हजार दोनशे रुपये. अ‍ॅसेंब्ली, मजुरी आणि वर जीएसटी. मी विचारलं, "बिघडलंय काय?" उत्तर आलं, "लॉक गेलंय." "लॉकमधलं काय गेलंय?" "पूर्ण लॉकच बदलतात मॅडम." मी चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. उत्तरपत्रिकेत कुणी प्रश्नच पुन्हा लिहून ठेवला तर मी त्याला शून्य देत असे.

तर कुलपाच्या आत काय असतं ते मीच सांगते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, पण हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. दाराच्या कडेला लोखंडाचा एक आकडा असतो, खेकड्याच्या नांगीसारखा. गाडीच्या खांबावर एक कडी पक्की बसवलेली असते. दार आपटलं की आकडा फिरून त्या कडीला मिठी मारतो, आणि मागून एक खिटी येऊन त्याला अडकवते. याचे दोन टप्पे असतात, म्हणून दार कधीकधी 'अर्धवट लागतं', पूर्ण मिटत नाही पण उघडतही नाही. ही मुद्दाम केलेली सोय आहे. दार नीट लावलं नाही तरी माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. आपण हॅण्डल ओढतो तेव्हा एक सळई किंवा केबल त्या खिटीला मागे खेचते. झालं, दार उघडलं. हे झालं खरं कुलूप, आणि ते निव्वळ लोखंडी, आजोबांच्या काळातल्या कडीकोयंड्याच्या जातीचं.

सेंट्रल लॉक म्हणजे याच्या अंगावर चढवलेली एक प्लॅस्टिकची डबी. तिच्यात खेळण्यातल्या गाडीत असते तेवढी, बारा व्होल्टवर चालणारी एक मोटर आणि दोन-तीन प्लॅस्टिकची दातेरी चाकं. तिचं काम एकच. हॅण्डल आणि खिटी यांच्यामधला दुवा जोडायचा किंवा तोडायचा. बिघडते ती बहुतेक वेळा हीच डबी. मोटरचे ब्रश झिजतात, ग्रीस वाळून मेणासारखं होतं, चाकाचा दात तुटतो. नाहीतर सळई धरून ठेवणारी नखाएवढी प्लॅस्टिकची क्लिप तुटते. क्लिप! आणि बदलायचं मात्र सगळं, लोखंडी आकड्यासकट, जो आणखी वीस वर्षं चालला असता.

द्वारकेच्या बाजूला एका गल्लीत दीड शटरचं गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींनी (वय साठीच्या पुढे, वायरच्या तुकड्यासारखे किडकिडीत) दार उघडलं, म्हणजे आतलं पॅनेल काढलं, कुलूप बाहेर घेतलं, डबी खोलली आणि मला बोलावून दाखवली. "आजी, हे बघा. मोटर मेली, बाकी माल चांगला आहे." मोटर एकशे ऐंशी रुपये, क्लिप वीस रुपये, मजुरी सातशे. एकूण नऊशे. जुनी मोटर त्यांनी माझ्या हातात ठेवली. सगळा पावसाळा गेला, दार अजून टक्क करून उघडतंय.

आता कंपनीची बाजू. ती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. दाराचं कुलूप ही सुरक्षेची वस्तू आहेच. अमेरिकेत पन्नासच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी अपघातांचा अभ्यास केला तेव्हा लक्षात आलं की धडकेत दारं आपोआप उघडतात, माणसं बाहेर फेकली जातात आणि मरतात. त्यानंतर 1956 च्या मॉडेलांपासून फोर्डने जास्त पक्की कुलपं बसवली. तेव्हा आकडा झिजला असेल, खिटी नीट अडकत नसेल, अपघातात दार दबलं असेल, तर तिथे कानस मारून, वेल्डिंगचा टाका घालून चालवून घेणं हा गुन्हा समजावा. तिथे नवीनच घ्या आणि अस्सलच घ्या. हे त्या मिस्त्रींचंही मत.

पण मेख इथेच आहे. ज्या डबीबद्दल आपण बोलतोय ती दार धरून ठेवत नाही. मोटर मेली तर सेंट्रल लॉक बंद पडेल, धावत्या गाडीचं दार काही उघडणार नाही. आकड्याची सुरक्षितता पुढे करून डबीचे पैसे उकळायचे, हा युक्तिवाद म्हणजे देवाच्या नावाने बडव्यांनी जेवावं तसा आहे. डबी वेगळी विका ना. दोन स्क्रू आणि एक जोडणी, एवढ्यावर ती वेगळी होते.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. 2011 साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एका ग्राहकाने तक्रार नेली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि बिघाड तपासण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. चौकशी वाढत वाढत 14 कंपन्यांपर्यंत गेली. टाटा, मारुती, महिंद्रा, होंडा, टोयोटा, पार बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजपर्यंत. (आमची गाडी यांपैकी कुणाची आहे का हे मी सांगणार नाही, भांडण एका कंपनीशी नाही.) 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने निकाल दिला. कंपन्यांनी सुट्या भागांच्या बाजारात आपल्या वर्चस्वाचा गैरफायदा घेतला, असं सांगून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग बाहेरच्यांनाही मिळावेत असं बजावलं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. त्या निकालाला दहा वर्षं उलटून गेल्यावर मी काउंटरवर उभी होते, आणि वाक्य तेच.

पुढे 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे माहितीचा फलक, कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यात घालून घेतला. आपल्याकडे मतदान सोडाच, साधं छापील दरपत्रक मागितलं तर काउंटरवरचा पोरगा आपल्याकडे असं बघतो की जणू आपण त्याच्या वडिलांचा पगार विचारला.

पैशांपेक्षा मला जास्त चीड आहे ती पुढच्या गोष्टीची. सात हजार आकडा ऐकून सामान्य माणूस काय करतो? दुरुस्तच करत नाही! "चालतंय की, त्या बाजूने उतरा." आमच्याच सोसायटीतल्या दोन गाड्यांची मागची दारं वर्षानुवर्षं आतून उघडत नाहीत. ड्रायव्हर उतरून बाहेरून उघडतो तेव्हा आजी खाली येतात. गाडीला आग लागली, गाडी पाण्यात गेली, ड्रायव्हर बेशुद्ध पडला, तर मागे बसलेल्या माणसाने काय करायचं? महाग सुट्या भागाची खरी किंमत अशी मोजावी लागते, ती बिलात दिसत नाही.

आणि ही भीती म्हातारीची कल्पना नव्हे. सरकारनेच 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ज्या गोष्टी सक्तीच्या केल्या, एअरबॅग, सीटबेल्टची घंटी वगैरे, त्यांत सेंट्रल लॉक असलेल्या दारांना हाताने उघडण्याची सोय हीही होती. म्हणजे वीज गेली तरी माणूस बाहेर पडला पाहिजे, हे कागदावर मान्य आहे. तिकडे चीनने 2025 मध्ये गाड्यांच्या लपवलेल्या, विजेवर चालणाऱ्या हॅण्डलांबद्दल नियमांचा मसुदा काढला, की यांत्रिक सोय आतून-बाहेरून हवीच. मग नव्या गाडीला जो नियम, तो बारा-तेरा वर्षांच्या गाडीतल्या माणसाच्या जिवाला नको? नियम मागे जाऊन लावता येत नाही हे मला समजतं. पण स्वस्त दुरुस्तीची वाट मोकळी ठेवता येते.

(जाता जाता. मागचं दार आतून उघडत नसेल तर गॅरेजला पळण्याआधी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा छोटा खटका बघा. नातवंडांचं बोट कुठे जाईल सांगता येत नाही. निम्मी 'बिघडलेली' कुलपं तिथेच बरी होतात, असं मिस्त्री म्हणाले.)

हे सगळं नाशिकमध्ये व्हावं याचं मला विशेष वाईट वाटतं. हे गाव हातातल्या कसबावर उभं राहिलेलं. भांडीबाजारातली तांब्यापितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती कल्हई लावून, पोचे काढून, डाग देऊन. ओझरला विमानं तयार झाली, सातपूरला डिझेल इंजिनाचे नोझल आणि मोटारगाड्या. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं आय.टी.आय. करून अंबड-सातपूरला फिटर, टर्नर झाली. केसाच्या जाडीपेक्षा बारीक माप घेणारी ही माणसं. आणि त्याच गावात, एक दातेरी चाक बदलता येत नाही, असं आपण मान मोडून ऐकून घेतो! डागडुजी, सांधणं, रफू, ठिगळ, कल्हई, झाळकाम... दुरुस्तीसाठी आपल्या भाषेत शब्द किती आहेत बघा. जॉब कार्डावर एकच शब्द असतो, 'रिप्लेस'.

अर्थात गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनाही मी पाठीशी घालणार नाही. दाराचं पॅनेल काढलं की आत एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून दारात शिरलेलं पावसाचं पाणी आत न येता खालच्या भोकांतून वाहून जावं म्हणून तो असतो. बरेच जण तो टरकन फाडून फेकतात. मग आषाढात गालिचे ओले, आणि लोक म्हणतात गाडी गळते. पॅनेलच्या क्लिपा तोडायच्या आणि वर "आवाज तर येणारच, जुनी गाडी आहे" म्हणायचं, हेही रोजचंच. स्वस्त काम म्हणजे गबाळं काम नव्हे. हे त्यांना सांगायला आपण तिथे उभं राहावं लागतं, चहा पीत पेपर वाचून भागत नाही.

माझं मागणं फार नाही. कुलपाची मोटर, क्लिप आणि सळई यांना वेगळे नंबर द्या आणि ते कुणालाही विका. खर्चाच्या अंदाजावर 'लॉक गेलं' न लिहिता कुलपातलं काय गेलं ते लिहा. बदललेला जुना भाग मालकाच्या हातात द्या. हे मी त्या सर्व्हिस सेंटरला पत्राने कळवलं आहे, मराठीत, पोच घेऊन. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवला आहे. सोमवारी फोन लावणार आहे, कारण आता उजव्या बाजूचं मागचं दारही किल्लीचं बटण दोनदा दाबल्याशिवाय उघडेनासं झालं आहे.